बिनतारी फोनवरचं हळू बोलणं

ज्या शनिवारी आमच्या ओसरीवरचा तारेचा फोन काढून बिनतारी फोन बसवला, त्या दिवशी गिरणी बंद होती. टेलिफोन खात्याची माणसं जीपमधून आली. त्यांनी घराच्या माळवदावर खांब उभा केला, खांबाला एरियल लावलं आणि त्याचं तोंड जामखेडकडे केलं. खांबाशेजारी उन्हावर फोनला वीज देणारी प्लेट बसवली. तारेचं टोक कापलं आणि तार भिंतीतून ओढून घेतली. संध्याकाळी जीप गेली.

आमचं गाव जामखेडहून खर्ड्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत आहे. नव्वदचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं आणि गावात फोन एकच होता, ग्रामपंचायतीच्या नावाचा. पंचायतीच्या खोलीला बहुतेक वेळ कुलूप असायचं म्हणून तो आमच्या घरी बसवला होता. आप्पांची पिठाची गिरणी घराला लागूनच होती, त्यामुळे आमच्याकडे दिवसभर कुणी ना कुणी जागेवर असायचं. बाहेरगावी राहणाऱ्यांनी फोनचे आपापले वार ठरवून घेतले होते. त्या त्या वाराला त्यांची माणसं दुपारी ओसरीवर येऊन बसायची. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायकाही तिथंच टेकायच्या.

तारेच्या फोनवर ओरडून बोलावं लागे. तार कोसभर रानातून यायची, खांब कललेले, एखाद्या ठिकाणी तार बाभळीला टेकलेली. पलीकडचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा यायचा. त्यात गिरणीचा पट्टा फिरत असायचा. फोन आला की आप्पा गिरणी बंद करायचे, पण लोकांना ओरडायची सवय लागली होती ती लागलीच. त्यामुळे ओसरीवर कुणाचं काही झाकलेलं राहत नसे. कुणाच्या पोराची नोकरी गेली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या जावयानं तोंड वाकडं केलं, सगळं सगळ्यांना कळायचं. त्यात कुणाला वावगंही वाटत नव्हतं. उलट बोलणारा काही विसरला तर बसलेले आठवण करून द्यायचे. एकदा शेजारच्या काकू कोपरगावला साखर कारखान्यात असलेल्या मुलाशी बोलून रिसीव्हर ठेवणार, तेवढ्यात दळणाच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "म्हशीचं सांगितलं न्हाई तुमी." काकूंनी रिसीव्हर परत कानाला लावला आणि म्हशीचं सांगितलं.

त्या वर्षी माझं लग्न ठरत आलं होतं. मी नगरला वसतिगृहात राहून बी.ए. केलं होतं आणि गावी परत आले होते. येताना एक पत्र्याची ट्रंक भरून पुस्तकं आणली होती, तीच परत परत वाचत होते. मला बी.एड. करायचं होतं आणि शिकवायचं होतं. नगरचंच स्थळ आलं. मुलगा नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात नोकरीला होता. पाहण्याच्या कार्यक्रमात त्यानं मला एकच प्रश्न विचारला, सध्या काय वाचता म्हणून. मी पुस्तकाचं नाव सांगितलं. तो हसला नाही, मान हलवली. तेवढ्यावर मला तो बरा वाटला. पण निघताना त्याच्या आई माझ्या आईला म्हणाल्या, "शिकलेली आहे ते चांगलंच आहे. आता पुरे झालं शिकणं, संसाराला लागू दे."

ते 'पुरे झालं' माझ्या डोक्यातून जाईना. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, लग्न होऊ दे, मग हळूहळू सांग. आप्पा म्हणाले, मी विचारतो. पण बापानं विचारलं की ती अट होते, आणि अट म्हटली की दोन्हीकडची माणसं ताठ होतात, हे त्यांनाही माहीत होतं. पत्र लिहावं तर ते नगरला त्या मुलाच्या घरी आधी त्याच्या आईंच्याच हाती पडलं असतं. मला होणाऱ्या नवऱ्याच्याच तोंडून ऐकायचं होतं, आणि साखरपुड्याच्या आधी ऐकायचं होतं. नंतर उत्तर कळून काही उपयोग नव्हता. साखरपुडा दिवाळीनंतरचा ठरला होता.

सुट्टीच्या दिवशी ते नागापूरच्या एसटीडी बूथवरून फोन करायचे. फोन आप्पांना असायचा, साखरपुड्याला किती माणसं येणार, गाडी कुठवर येते, असलं काहीतरी. मग आप्पा माझ्याकडे रिसीव्हर द्यायचे आणि उगीचच पिठाचा डबा हलवायला आत जायचे. आप्पा जायचे, पण ओसरी तिथंच असायची. मी रिसीव्हर कानाला लावला की दळणाच्या रांगेतलं बोलणं थांबायचं.

"बऱ्या आहात का?" ते पलीकडून ओरडायचे.

"बरी आहे," मी ओरडायचे.

"पाऊस?"

"नाही."

एवढ्यावर आमचं बोलणं संपायचं. मला शिकू द्याल का, हे त्या ओसरीवर गावाला ऐकू जाईल असं ओरडून विचारणं मला जमणं शक्य नव्हतं. रिसीव्हर ठेवला की काकू विचारायच्या, "पाव्हनं काय म्हनत्यात?" मी सांगायचे, पाऊस विचारत होते. काकू रांगेकडे वळून म्हणायच्या, "लगीन हिच्याशी करायचंय का पेरनी?" सगळ्या हसायच्या. मलाही हसू यायचं. पण आत जाऊन ट्रंकेवर बसले की वाटायचं, पाहण्याच्या गर्दीतला तो एक प्रश्न सोडला तर मी त्यांचा खरा आवाजसुद्धा ऐकलेला नाही, फक्त ओरडणं ऐकलं आहे.

मग तार चोरीला गेली. तांब्याची तार पूर्वीही चोरीला गेली होती, खात्यानं ती परत ओढली होती. या वेळी मात्र दोन गावांमधली सगळीच गेली. तेव्हा खात्यानं ठरवलं की इथं आता तार ओढायचीच नाही, बिनतारी फोन बसवायचा. तो बसवेपर्यंत ओसरी सुनी होती. दिवाळी जवळ येत होती.

शनिवारी जीप आली तेव्हा अर्धं गाव बघायला जमलं. माळवदावर चढलेल्या माणसाला काकूंनी खालून विचारलं की तार नाही तर बोलणं जाणार कुठून. त्यानं हातातला पाना हवेत फिरवला आणि म्हणाला, "हवेतून, मावशी. रेडिओसारखं."

रेडिओसारखं म्हणाला तिथंच घोटाळा झाला. रेडिओ गावात घरोघरी होता. काकूंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "म्हंजी कुनी रेडू लावला तर आमचं बोलनं ऐकू जायचं?" तो माणूस हसला आणि स्क्रू पिळत राहिला. त्याच्या हसण्याचा गावानं होकार असा अर्थ घेतला.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. नवा फोन साफ होता. थोडी खरखर होती, पण पलीकडचा माणूस ओट्यावर बसून बोलतोय असं वाटावं इतका आवाज जवळ. ओरडायची गरजच उरली नव्हती. पण काकूंनी आवाज उतरवला तो गरज नव्हती म्हणून नव्हे. त्यांनी रिसीव्हर पदराखाली घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि कुजबुजत बोलल्या. बोलून झाल्यावर रांगेला म्हणाल्या, "हवेत जातंय सगळं. जामखेडात बसून कोन कोन ऐकत असंल, काय नेम?"

आप्पांनी समजावून बघितलं. संध्याकाळी त्यांनी आमचा ट्रान्झिस्टर ओसरीवर आणला, एकाला फोनवर बोलायला बसवलं आणि सगळ्यांसमोर काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. खरखर, मग भावगीत, मग बाजारभाव, परत खरखर. फोनवरचं काही आलं नाही. "बघा," आप्पा म्हणाले.

काकू म्हणाल्या, "आपला रेडू जुना हाय."

आप्पांनी ट्रान्झिस्टर आत नेऊन ठेवला. गाव कुजबुजायला लागलं. रिसीव्हर घेतला की माणूस भिंतीकडे वळायचा, बाई असली तर पदर पुढे यायचा, टोपीवाला असला तर टोपी काढून फोनवर धरायचा. कुणी म्हशीला म्हैस म्हणेना, 'ती आपली' म्हणायचे. तारेवर सगळी गुपितं गावभर ओरडून सांगितलेली माणसं आता कुणालाच ऐकू न जाणाऱ्या फोनवर शब्द मोजायला लागली. आणि त्यातून आणखी एक गोष्ट झाली, तिची मला अपेक्षा नव्हती. मोठ्यानं बोललेलं ऐकणं गावात पाप नव्हतं, पण कुजबुज ऐकणं वाईट मानलं जात होतं. त्यामुळे कुणी रिसीव्हर उचलला की बाकीचे आपण होऊन उठायचे आणि पायऱ्या उतरून लिंबाखाली जाऊन बसायचे. फोन संपला की परत यायचे. महिनाभरापूर्वी असं कुणी केलं असतं तर त्याला शिष्ट म्हटलं असतं.

मला ते कळलं तेव्हा मी नागापूरहून येणाऱ्या फोनची वाट बघू लागले. आणि नेमका फोन बंद पडला. आधी आकाश भरून आलं म्हणून असेल असं वाटलं, पण ऊन पडलं तरी फोन मुका. खात्याला कळवायचं तरी फोनच हवा. शेवटी मी शिडी लावून माळवदावर गेले. प्लेट पांढरी झाली होती. गिरणीच्या झरोक्यातून उडालेलं पीठ तिच्यावर बसलं होतं, त्यावर दव पडून खरपुडी धरली होती. उन्हाला खाली उतरायला जागाच नव्हती. मी फडकं ओलं करून ते पीठ काढलं. दुपारी फोनला जीव आला. त्या दिवसापासून रोज सकाळी प्लेट पुसणं हे माझं काम झालं. आई खालून म्हणायची, देवघरातल्या फरशीला एवढं कधी पुसलं नाहीस. 

दिवाळीच्या आधीच्या सुट्टीला त्यांचा फोन आला. आप्पा बोलले, माझ्याकडे रिसीव्हर दिला आणि आत गेले. ओसरीवर दळणाची रांग होती. मी भिंतीकडे तोंड केलं. काही जणी उठल्या, काही जणी बसूनच राहिल्या, कारण सोयरिकीचं बोलणं ऐकण्यात गोडी असते. तेव्हा काकू म्हणाल्या, "उठा गं. हवेत तर जातंयच, निदान घरात तरी ऐकू नका. पोरीला बोलू द्या." आणि सगळ्यांना पुढे घालून त्या लिंबाखाली घेऊन गेल्या.

"बऱ्या आहात का?" ते म्हणाले. सवयीनं ओरडलेच.

"मला एक विचारायचं आहे," मी म्हणाले.

"इतकं हळू का बोलताय?"

"इथं सगळे हळूच बोलतात. हवेतून जातं, कुणी ऐकेल म्हणतात."

 मग ते म्हणाले, "बरं. मग मीही हळू बोलतो." तेव्हा मी त्यांचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. बसका होता, थोडा थांबत येणारा. माणूस शब्द हातात धरून बघून मग पुढे देतो आहे, असा.

मी विचारलं. लग्नानंतर मला बी.एड. करायचं आहे आणि नोकरी करायची आहे, तुम्हाला चालेल का. एका दमात विचारलं आणि भिंतीवरचा चुना नखानं खरवडत उभी राहिले.

ते म्हणाले, "कॉलेज सकाळचं असतं की दुपारचं?"

मला वाटलं त्यांनी उत्तर टाळलं. मी म्हणाले, सकाळचं असावं.

"मग पहिल्या पाळीला माझा डबा मीच करून घेत जाईन. भाजी येते मला. पोळ्या नाही येत, त्या तेवढ्या शिकवा." थोडं थांबून म्हणाले, "आईचं मी बघतो. तुम्ही तिच्याशी त्यावर बोलू नका, माझ्यावर सोडा."

मी बरं म्हणाले. मग त्यांनी पाऊस विचारला. मी नाही म्हणून सांगितलं.

लिंबाखालून सगळ्या परत आल्या. काकूंनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि या वेळी पाव्हनं काय म्हणाले ते विचारलं नाही. "दळन घ्या गं लवकर," एवढंच म्हणाल्या.

साखरपुडा झाला. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी बी.एड.ला नाव घातलं. त्यांच्या आई काही दिवस अबोला धरून होत्या. मग एकदा माझी परीक्षा असताना त्यांनीच मुलाला दटावलं की तिला पोळ्या करायला लावू नकोस, मी करते. ते पोळ्या शेवटपर्यंत नीट शिकले नाहीत, त्यांच्या पोळीला कधी गोल आकार आला नाही. मी नगरच्या एका शाळेत पुष्कळ वर्षं शिकवलं. दुसऱ्या पाळीला असले की ते मधल्या सुट्टीत कारखान्यातून घरी फोन करायचे, जेवलीस का म्हणून विचारायला. मागं यंत्रं चालू असायची, पण त्यांनी कधी आवाज चढवला नाही. मी रिसीव्हर कानाला घट्ट लावून ऐकायचे. ते मला आवडायचं, त्यासाठी कान द्यावा लागायचा.

काकू गेल्या. आप्पा आणि आई गेले. गिरणी भावानं विकली. गावातला तो फोन मी सासरी आल्यानंतर काही वर्षांतच निकामी झाला आणि खांब भंगारात गेला. गेल्या वर्षी हे गेले. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातही ते हळूच बोलत होते. नर्स त्यांना मोठ्यानं बोला म्हणायची. मला ऐकू येत होतं.

मागच्या महिन्यात मुलीनं घरातलं तारेचं इंटरनेट बदलून बिनतारी घेतलं. तारेचा सारखा खोळंबा व्हायचा. माणूस आला, त्यानं तार भिंतीतून ओढून घेतली आणि एक छोटी पेटी खिडकीत ठेवली. भोक सिमेंटनं बुजवू का म्हणाला. मी राहू द्या म्हणाले. मुलगी रात्री पुण्याहून त्या पेटीच्या इंटरनेटवरून मोबाईलवर मला दिसते आणि म्हणते, आई, मोठ्यानं बोल, माईक चांगला आहे, पण तुझा आवाजच येत नाही.

भिंतीत तारेचं भोक आहे. मी अजून हळू बोलते.