मुगीला मोकळं सोडलं तो रविवार

ओनो-सान नोकरी सोडून शिकारी बाज पाळणार हे कळल्यावर आमच्या सेंदाईच्या ऑफिसात सगळे गंभीर झाले. मी एकटीनेच विचारलं, "मी बघायला येऊ?" जपानमध्ये असं सरळ विचारत नाहीत म्हणे. मी विचारते. नवऱ्याच्या पोस्टडॉकमागे मी इथे आले तेव्हा इथल्या मोठ्या भूकंप-त्सुनामीला तीन-चार वर्षं झाली होती. कचरा कसा वेगळा करायचा इथपासून दाराशी ठेवायच्या आणीबाणीच्या पिशवीत काय भरायचं इथपर्यंत सगळं मला ओनो-साननीच शिकवलं. त्यांच्यापुढे आगाऊपणा करायचा हक्क मी तेव्हाच घेऊन टाकला.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी निघाले. सेंदाई स्टेशनजवळून यामागाताला बस सुटतात, तासाभराचा रस्ता, तिकीट हजार येनच्या आसपास, बुकिंगची गरज नाही. डोंगर पिवळे-तांबडे झालेले असतात तेव्हाच जा. गरम चहा मात्र सोबत घ्या, बसमध्ये काही विकायला कुणी चढत नाही. मला या देशात एवढी एकच गोष्ट खटकते.

यामागाताला ओनो-सान त्यांची छोटी गाडी घेऊन आल्या होत्या. चाळीस मिनिटांवर त्यांचं माहेरचं गाव, चहूकडे सफरचंदाच्या बागा. फळं पिकली की तिथे कावळ्यांचा सुळसुळाट होतो, आणि बाज आला की कावळे पळतात. पुढच्या हंगामापासून बागवाल्यांचं हे काम घ्यायचं, असं ओनो-साननी ठरवलं होतं. त्यासाठी महिन्यापूर्वी त्यांनी हॅरिस जातीचा एक तरुण नर विकत घेतला. नाव मुगी, म्हणजे सातू. अंगणातल्या लाकडी दांडीवर तो बसला होता, तपकिरी, पिवळ्या पायांचा, आणि मानपान कमी पडलेल्या व्याह्यासारखा माझ्याकडे बघत होता.

सगळ्यात आधी त्याला वजनकाट्यावर बसवलं. सहाशे वीस ग्रॅम.

"बरोबर आहे," ओनो-सान म्हणाल्या. "सहाशे चाळीसच्या वर गेला की माझी शिट्टी त्याला ऐकूच येत नाही."

"म्हणजे तुम्ही त्याला उपाशी ठेवता?"

"उपाशी नाही. जरा भूक शिल्लक ठेवते."

दुपारी शेतात त्याच्या पायातल्या चामडी पट्टीला लांब दोरी बांधली. तीस मीटरवरून तो माझ्या हातमोज्यावर आला. पंखांचा आवाज जवळजवळ नव्हताच, एकदम मनगटावर वजन आलं आणि माझ्या तोंडून "आई गं!" निघालं. त्याने लावा पक्ष्याच्या मांसाचा नखाएवढा तुकडा गिळला आणि अजून कुठे आहे म्हणून मोजा तपासला. मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी ओनो-साननी आपल्याकडच्या अरवीसारखा कंद आणि गोमांस घालून केलेला इमोनी नावाचा गरम रस्सा वाढला. गोमांस चालत नसेल तर आधी सांगा, वेगळा करून देतात. मी तीन वाडगे खाल्ले, आणि बाहेर तो बिचारा तेवढ्याशा तुकड्यांवर झोपला होता.

रविवारी मोठा दिवस होता. मुगीला पहिल्यांदा दोरी न बांधता सोडायचं होतं. सकाळी वजन सहाशे अठरा, अगदी हवं तेवढं. ओनो-सान त्यांचे गुरू कुदो-सान यांना आणायला स्टेशनवर गेल्या आणि मला म्हणाल्या, "फक्त लक्ष ठेवा." मी लक्ष ठेवलं. तो ओरडला. मान वाकडी करून पुन्हा ओरडला. थंडगार पेटीत लाव्याचे पाय होते. आमच्या घरी दारातल्या कुत्र्यालाही कुणी उपाशी जाऊ दिलेलं नाही. मी एक पाय दिला. मग दुसराही दिला.

दहा वाजता ओनो-साननी दोरी सोडली. मुगी सरळ वर गेला आणि बागेच्या कडेच्या देवदारासारख्या उंच झाडावर बसला. शिट्टी वाजली. तो पंख साफ करत राहिला. दुसरी शिट्टी, तिसरी, विसावी. ओनो-सानचा आवाज बदलला होता. कुदो-सान सत्तरीचे, कमी बोलणारे. ते म्हणाले, "घाबरलाय. आपण मागच्या बाजूने जाऊन त्याला हलवू."

 गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं.

"मी खायला घातलं," मी म्हणाले. "दोन पाय. तुम्ही स्टेशनवर गेला होतात तेव्हा."

 कुदो-साननी शांतपणे विचारलं, "किती वाजता?"

"साडेआठला."

"मग घाबरलेला नाही, जेवलेला आहे. हलवलं असतं तर डोंगरापलीकडे गेला असता. बसा आता."

आम्ही बसलो. पाच तास, थंड जमिनीवर, मान वर करून. अंधार पडायच्या आत आला नाही तर गेलाच, हे कुदो-साननी एकदाच सांगितलं. एक बागवाला येऊन बघून गेला, "अजून वरच?" म्हणाला. मी शंभरदा माफी मागितली असेल. शेवटी ओनो-सान म्हणाल्या, "पुरे. मलाही रोज रात्री वाटतं, उठून त्याला पोटभर घालावं. मी स्वतःला अडवते. तुम्हाला अडवायला कुणी नव्हतं." हे त्या रागाने म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

साडेतीन वाजून गेल्यावर मुगी खालच्या फांदीवर उतरला. कुदो-साननी मला श्वाससुद्धा हळू घ्यायला सांगितलं. ओनो-सान उभ्या राहिल्या, मोजा वर केला आणि एकदाच शिट्टी वाजवली. तो निघाला, गवताला लागून आला आणि त्यांच्या हातावर बसला. त्यांनी पायातली पट्टी पकडली. मी रडत होते, लपवायचं कारणही नव्हतं.

मग त्यांनी पेटी माझ्यापुढे सरकवली. "आता द्या. आता हवं तेवढं द्या."

शेवटच्या बसमध्ये मी ढुंगण शेकायला हीटरवरच्या सीटवर बसले आणि सेंदाई येईपर्यंत उठले नाही. तुम्हाला असं काही बघायचं असेल तर जाड मोजे, बसायला प्लास्टिकची चटई आणि एक पूर्ण मोकळा दिवस ठेवा, परतीच्या बसची घाई नको. पाखरू प्रेमाने परत येतं असं मी समजून गेले होते. ते भुकेने येतं, आणि प्रेम म्हणजे ती भूक रोज मोजून जपणं. हे मला जन्मात जमणार नाही, ओनो-सानना जमतं, म्हणून पक्षी त्यांच्याकडे आहे.

गुरुवारी सबवेत त्यांचा निरोप आला. मुगी दोनदा मोकळा उडाला, दोन्ही वेळा पहिल्या शिट्टीला आला. खाली आणखी एक ओळ होती: "शनिवारी मला दिवसभर परगावी जायचंय. तुम्ही येऊन त्याच्याजवळ बसाल का?"