नकाशातलं आमचं गाव

विषय : राखीव क्षेत्राच्या नकाशात एक विहीर दाखविण्याबाबत.
संदर्भ : अबू फहद यांचा अर्ज.

रियाधच्या नकाशा कचेरीत मी कारकून होतो. रजा सगळ्या संपल्या, किस्से मात्र शिल्लक राहिले. निवृत्तीत तेच वापरतो.

ताइफपलीकडच्या एका वाळवंटी दरीचा आणि तिच्यामागच्या डोंगरांचा नकाशा करायचा होता. तिथं राखीव क्षेत्र होणार होतं. नियम सोपा. नकाशात ज्याची विहीर, त्याचेच उंट आत चरणार.

*

मोजणीला गेले आमचे नाशिकचे इंजिनिअर सोनवणे. पहिल्याच दिवशी जीप वाळूत रुतली. अबू फहद या म्हाताऱ्या उंटवाल्यानं आपल्या पिकअपनं ती ओढून काढली.

"नकाशा तुम्ही करणार? यल्ला, माझ्या मागून या!"

सोनवण्यांनी अहवालात लिहिलं, 'स्थानिक सहकार्य मिळाले.'

*

मुक्काम त्याच्याच विहिरीवर पडला. भोवती मोजणीवाल्यांचे तंबू, आणि चहाच्या पाण्यात वाळू नको म्हणून विहिरीवर ताडपत्री! पाहुण्याला तीन दिवस काम विचारायचं नाही, हा तिकडचा रिवाज. चौथ्या दिवशी त्यानं विचारलं.

"दरी मोजायला आलोय," सोनवणे म्हणाले.

"मोजा. पण जाताना इथंच ठेवून जा!"

*

ड्रोनचे फोटो त्याच आठवड्यात निघाले. ते कचेरीत पोचले तेव्हा सोनवणे सुट्टीवर नाशकात. कचेरीनं तंबू पाहिले आणि शिरस्त्यानं 'वस्ती' अशी खूण केली. ताडपत्रीखालचं कुणाला दिसणार? नकाशा छापून मोकळे!

अबू फहद कचेरीत आला, नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "माझ्या विहिरीवर हे कोण राहतात?"

मी चष्मा लावून पाहिलं.

"आम्ही."

*

आमचे मुदीर, म्हणजे मोठे साहेब, म्हणाले, "दुरुस्ती होईल. फक्त त्या वस्तीचं ना-हरकत पत्र आणा."

सोनवणे परतले होते. "साहेब, ते आमचे तंबू होते. पत्र मीच देतो!"

मुदीरांनी त्यांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मागून घेतला, उलटसुलट पाहिला.

"यावर पत्ता रियाधचा आहे. तुम्ही तिथले रहिवासी नाही. खलास!"

सोनवणे माझ्याकडे वळले. "काका, आता?"

"आता चहा," मी म्हटलं.

*

मग नियमाप्रमाणे त्या वस्तीला नोटीस गेली. 'गावात कोणी आढळले नाही' असा शेरा घेऊन परत आली. पुन्हा पाठवली आहे.

परवा सोनवण्यांचा फोन होता. कुंपण पूर्ण झालं. विहीर आत, अबू फहद बाहेर. उंटांना टँकरचं पाणी विकत आणतो. अर्ज प्रलंबित आहे.