मशीनमधला त्याचा आवाज

महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत एक टेस्टिंग मशीन आहे, ते अजून माझ्या गेलेल्या मित्राच्या आवाजात बोलतं. त्याचा प्रोग्राम त्यानंच लिहिला होता. बझरकडे कुणी ढुंकून बघत नाही राव, असं म्हणून त्यानं स्वतःचा आवाज भरून ठेवला. आत हात गेला की "हात काढा, भाऊ." हात आत असेपर्यंत मशीन जागचं हलत नाही आणि तो सांगत राहतो. त्याला जाऊन काही वर्षं झाली, तरी मागून तो आवाज आला की मी वळून बघतोच.

खंडेनवमीला कंपनीत घरच्यांना आत सोडतात. त्याची बायको, आमच्या वहिनी, दरवर्षी पिंपळे गुरवहून येतात. मशीनला हळदकुंकू वाहतात, हात आत घालून आवाज एकदा ऐकतात आणि निघून जातात.

यंदा आदल्या दिवशी मेंटेनन्सच्या भाऊंनी साफसफाई काढली. तेलाचे डाग पुसले, रंग मारला आणि पूजेच्या कामात कसूर नको म्हणून मशीनच्या कॉम्प्युटरवर तुंबलेले सगळे अपडेटही करून टाकले. घ्या! मशीन चालू, बझर चालू, आवाज गायब.

प्रोग्राम पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेच्या जुन्या आवृत्तीतला. कुठं अडतंय ते बघायला तो एकेका ओळीवर थांबवावा लागतो. पण ज्यात कोड उघडतो तो एडिटरही नवा झालेला. पायथनची ही आवृत्ती आता चालत नाही, असं दाखवून तो माझे थांबे न जुमानता सुसाट पुढं गेला. साहेब म्हणाले, बझर वाजतोय ना, मग सोड. दिवाळीनंतर सगळा प्रोग्रामच नव्यानं लिहू. माझं डोकंच फिरलं. उद्या वहिनींना काय बझर ऐकवू? आणि खरं सांगतो, मी घाबरलो होतो. तो दुसऱ्यांदा जातोय असं वाटत होतं.

शेवटी एडिटरला जोडलेलं पायथनचं नवं एक्स्टेन्शन काढलं, जुन्या पायथनला ओळखणारं शोधून बसवलं आणि अपडेट बंद केले. मग कुठं प्रोग्राम त्याच्या आवाजाच्या ओळीवर थांबला. अपडेटनं स्पीकरचं नाव बदललं होतं, एवढंच. ते दुरुस्त करून मी हात आत घातला. आवाज आला आणि मी तिथंच स्टुलावर बसून रडलो.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. साहेबांनी मोठ्या कौतुकानं त्यांना सांगितलं, की दिवाळीनंतर हे सगळं नवीन होणार. त्यांनी मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि हात आत घातला.

"हात काढा, भाऊ."

एरवी त्या लगेच काढायच्या. यंदा हात तसाच ठेवला. तो पुन्हा म्हणाला, पुन्हा म्हणाला. मी जवळ जाऊन म्हटलं, "वहिनी, काढा आता हात."

"तुम्ही नका सांगू," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगू द्या."