बोंडूला पाणी कशात द्यायचं?

एका शाळेत पाच-सहा वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. स्टाफरूमच्या कपाटावर जुने तक्ते साचतात, तसे ते साचत जातात. देगलूरच्या आमच्या शाळेतले माझे निम्मे किस्से एका सशाच्या पाण्याच्या भांड्याचे आहेत.

ससा माझा. नाव बोंडू. नांदेडहून बदली होऊन आले तेव्हा त्यालाही सोबत आणलं. पण माझ्या भाड्याच्या खोलीवर पत्रे. मार्च लागला की दुपारी आत माणूस टिकत नाही, तर ससा काय टिकणार? एक दिवस मी त्याला पिंजऱ्यासकट स्टाफरूममध्ये आणलं.

मुख्याध्यापक बिरादार सर कडक. "शाळा हाय मॅडम, बाग न्हाई," म्हणाले. मग पिंजऱ्यात वाकून पाहिलं आणि तासावर निघून गेले. 'नेऊन टाका' असं काही म्हणाले नाहीत. बोंडू राहिला.

*

पहिलं भांडं म्हणजे माझ्या घरची स्टीलची वाटी. बोंडूनं काठावर पुढचे पाय ठेवले आणि वाटी उलटी. पाणी गेलं थेट जाधव सरांच्या गठ्ठ्यात. सातवीचे गणिताचे पेपर, न तपासलेले!

जाधव सरांनी एकेक पेपर खिडकीतल्या दोरीवर वाळत घातला. शाई पार पसरली होती.

"उत्तरं गेली तशा चुकाबी गेल्या," ते म्हणाले. "परत घेऊ."

पोरं खूश झाली. पुढे कितीतरी दिवस सातवीची पोरं सशासाठी कोथिंबीर आणत होती.

*

मग प्लास्टिकचं भांडं आणलं. त्याचा काठ बोंडूनं दोन दिवसांत कुरतडला. शेवटी जाधव सरांनीच ऑनलाइन बाटली मागवली. पिंजऱ्याला अडकवायची, नळी चाटली की थेंब पडतो. दिवसभर टक-टक आवाज चालू. आम्हाला वाटलं, पठ्ठ्या पोटभर पितोय.

तिसऱ्या दिवशी बोंडू कोपऱ्यात नुसता पडून होता. कान गरम, गवताला तोंड लावेना. मधल्या सुट्टीत जाधव सरांनी मोटारसायकल काढली. मी मागे, बोंडू माझ्या ओढणीत.

जनावरांच्या डॉक्टरांनी मानेची कातडी चिमटीत धरून पाहिली. पाणी कमी पडलंय म्हणाले, या उन्हात थेंबाथेंबानं भागत नाही. ड्रॉपरनं पाणी पाजलं, औषध दिलं आणि सांगितलं की भांडं जड हवं, उथळ हवं, त्याला उलटता येऊ नये आणि कुरतडताही येऊ नये.

येताना मी रडत होते. जाधव सरांनी प्रत्येक गतिरोधकाला गाडी इतकी हळू घेतली की मागच्या सायकली पुढे गेल्या. शाळेत आल्यावर बाटली त्यांनी स्वतः काढून पिशवीत टाकली.

*

हे सगळं आमचे सेवक हणमंलू मामा ऐकत होते. त्यांचं गाव तेलंगणाच्या हद्दीला लागून. दुसऱ्या दिवशी सायकलच्या कॅरियरला दोरीनं बांधून त्यांनी एक दगडी खल आणला. गावातल्या पाथरवटानं खलबत्त्यासाठी घडवायला घेतला होता, पण दगड कमी पडला आणि खल उथळ झाला. कुटायला गेलं की मिरची डोळ्यात उडते, म्हणून कुणी नेईना.

मामांनी तो घासून धुतला, पाणी भरलं आणि पिंजऱ्यात ठेवला. "नीळ्ळु तागु रा," तेलुगूत म्हणाले. पाणी पी, एवढंच.

बोंडूनं काठावर पाय ठेवले. खल हलला नाही. मग तो प्यायला, खूप वेळ प्यायला. सगळी स्टाफरूम भोवती जमली होती.

मी आभार मानायला गेले, तर मामा म्हणाले, "दगडाचं काय थँक्यू, मॅडम."

*

पुढच्याच महिन्यात आईच्या ऑपरेशनसाठी मला चार दिवस नांदेडला जावं लागलं. जाधव सर परीक्षेच्या कामावर, मामा गावच्या जत्रेला. मी बिरादार सरांपुढे नुसती उभी राहिले. "आईकडं बघा तुम्ही," सर एवढंच म्हणाले.

आई सुखरूप घरी आली. रविवारी दुपारी एसटीतून उतरले ती बॅग घेऊन तशीच शाळेत गेले. शाळेला सुट्टी, पण स्टाफरूमचं दार उघडं.

आत बिरादार सर फरशीवर मांडी घालून बसले होते. समोर मेसचा डबा उघडा, शेजारी तांब्या. पिंजऱ्याचं दार उघडं होतं आणि बोंडू पाणी पीत होता.

मला पाहून सर उठले नाहीत.

"एकट्यानं पीत न्हाई ते, मॅडम," हळू आवाजात म्हणाले. "शेजारी कुणीतरी बसावं लागतं."

मी चपला काढल्या आणि पिंजऱ्याच्या दुसऱ्या बाजूला बसले.