फिकट पानांचा गहू

चांदनी गावातल्या शेतात दिरांनी मला गव्हाचे चार वाफे दिले होते. गहू जुना, गावरान. एकाच वाणात झाडागणिक फरक. निसर्गाने आधीच करून ठेवलेल्या या फरकांतून उन्हाचा जास्त उपयोग करून घेणारं झाड शोधायचं आणि त्याचं बी संकरासाठी संशोधकांकडे पाठवायचं, हे माझं काम. मी बुऱ्हाणपूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. दर रविवारी बसने जायचं, पान ऊन किती वापरतं ते मोजणारं चिमट्यासारखं यंत्र लावायचं, आकडे उतरवायचे.

सदतिसाव्या झाडाने मला अस्वस्थ केलं होतं. पानं फिकट, आजारी वाटावीत अशी. पण ढग सरून ऊन आलं की बाकीची रेंगाळत आणि हे लगेच कामाला लागे. सलग पाच रविवार तेच. ओंब्या पिकायला तीन आठवडे होते.

दिरांसाठी मी अकरा सूचना लिहून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत चिकटवल्या होत्या. युरिया नको, फवारणी नको, बकऱ्या नकोत.

सहाव्या रविवारी ते बांधावरच उभे. "वहिनी, आता पाहा तुमचा प्लॉट! एकदम एकसारखा. काल बाया लावून सगळी भेसळ काढली."

ते कंपन्यांसाठी बीजोत्पादन करत. तिथे वेगळं दिसणारं झाड उपटायचंच असतं.

"भाऊजी, मला ती भेसळच हवी होती!"

"मग लिहायचं ना! अकरा लिहिल्या, बारावीला पेन संपला का?"

दोघं उपटलेल्या ढिगाऱ्यात बसलो. मी सदतीस नंबरची चिठ्ठी बांधलेलं झाड त्यांनाच सापडलं.

"हे? हे तर पिवळं पडलेलं होतं, वहिनी."

दाणा दाबला. आत दाट दूध, म्हणजे अजून कच्चा, पण पाणी मिळालं तर कदाचित पिकेल. मुळांसकट बादलीत उभं करून मी ते बसमधून घरी आणलं. ओंब्या सुकेपर्यंत दिवसातून दहादा गॅलरीत जात होते. शेवटी नऊ दाणे निघाले, सुरकुतलेले.

एवढे पाठवून भागणार नव्हतं, आधी पेरून बी वाढवायचं आणि पेरणी नोव्हेंबरात. जूनमध्येच दिरांचा फोन, "उगवतील का?"

"माहीत नाही."

"मग एक भिजवून पाहा ना. तोवर कसा दम धरता?"

परीक्षेला टाकलेला दाणा म्हणजे कमी झालेला दाणा. दोन दिवस डबा उघडला, बंद केला. तिसऱ्या दिवशी एक दाणा ओल्या कागदात गुंडाळला. चार दिवसांनी कागद उलगडला तर पांढरं मूळ दिसलं. उरलेल्या आठांसाठी मी दिरांना फोन लावला आणि वाफा मागितला.