पंखातलं वाकडं भोक

भूकंपानंतर लातुरात घरोघरी एक सवय लागली होती. स्टीलचे पेले एकावर एक रचून कपाटावर ठेवायचे. जमीन हलली की आधी ते पडणार आणि त्या आवाजावर सगळे बाहेर पळणार. मोठा धक्का बसून वर्ष उलटलं तरी ते पेले तसेच होते. मी कंधारकडचा, आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला पहिला. नांदेडला इंजिनिअरिंग करून लातुरात एका क्लासमध्ये बारावीला भौतिकशास्त्र शिकवत होतो. क्लासेसचं तेव्हा पेव फुटलं होतं. शंभरावर मुलं एका खोलीत बसायची आणि एखादं बाकडं सरकलं तरी माझं लक्ष दाराकडे जायचं.

दुपारी क्लास नसे. तेवढा वेळ मी ओळखीच्या एका वयस्कर कारागिराच्या शेडमध्ये काढायचो; सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचा हवाई दलात विमानांच्या पत्राकामावर होते. निवृत्त होऊन गावी आलेले. घरचा धंदा पत्र्याच्या पेट्यांचा. त्याच शेडमध्ये ते एका माणसाचं छोटं विमान बांधत होते, परदेशातून मागवलेल्या नकाशांवरून. विमान चालवायचा परवाना त्यांच्याकडे होता आणि हे विमान तेच उडवणार होते. मी इंजिनिअर, पण कानस कशी धरायची ते मला त्यांनी शिकवलं. ते ऋण मी अजून मानतो.

त्या दुपारी मी डाव्या पंखाच्या कण्याला भोकं पाडत होतो. कणा म्हणजे पंखाच्या आतली लांब तुळई, सगळा भार तिच्यावर. चाचा पलीकडे पत्रा कापत होते. ड्रिल निम्म्यात असताना शेडला लागून असलेल्या त्यांच्या घरातून पेले कोसळल्याचा आवाज आला. मी चालू ड्रिल तिरपंच ओढून काढलं, खाली टाकलं आणि अनवाणी रस्त्यावर पळालो.

जमीन हलली नव्हती. उसाचा ट्रक गेला होता. चाची दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "वा सर! चाचा आत अन् तुमी बाहेर. पोरान्ला हेच शिकवता व्हय?"

मी हसलो. आत आलो. भोक गोल राहिलं नव्हतं. कडेकडे ओढलं जाऊन भुईमुगाच्या शेंगेसारखं लांबट झालं होतं. भोकाच्या मध्यापासून कण्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्याच्या, जाडीच्या दुप्पट अंतर लागतं, हा नियम चाचांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितला होता. मी तीनदा मोजलं. तेवढं उरलं नव्हतं. मोठं करून गोल केलं असतं तर आणखी कमी उरलं असतं.

मी त्यावर फडकं टाकलं.

रिव्हेटचं डोकं बसलं की खालचं काही दिसणार नव्हतं. सांगितलं तर चाचा मला पुन्हा ड्रिलला हात लावू देणार नाहीत, ही एक भीती. दुसरी भीती मी नीट मनात आणतच नव्हतो. पण ती जेवताना यायची, शिकवताना यायची. चाचा वर आहेत आणि डावा पंख दुमडतोय. त्या तीन दिवसांत फळ्यावर कितीदा चुकलो. मुलं दाखवायची, मी डस्टर फिरवायचो आणि पुढं जायचो.

चौथ्या दिवशी मी फडकं काढलं आणि चाचांना बोलावलं. झालं ते सगळं सांगितलं, तीन दिवस लपवलं तेही. त्यांनी चष्मा पुसला, नखानं भोकाची कड चाचपली.

"तीन रोज तुमी झोपले न्हाई," ते म्हणाले. "आज मी बी झोपत न्हाई. हिशेब बराबर."

मग त्यांनी मला भोकाचं चित्र काढायला बसवलं, मापं टाकून. ते चित्र आम्ही विमानाचा आराखडा करणाऱ्याला फॅक्स केलं. उत्तर यायला अकरा दिवस लागले. इंग्रजी मला वाचता येत होतं, तरी मी कागद दोनदा वाचला, मग चाचांना सांगितलं. भोक मोठं करू नका, त्यात रिव्हेट घालू नका. कडा गुळगुळीत करा. त्याच धातूची पट्टी वरून जोडा, दोन्ही बाजूंना चार-चार रिव्हेट. आणि उडण्याआधी पंखावर वजन ठेवून पाहा.

म्हणजे आणखी आठ भोकं. मी म्हटलं, तुम्ही पाडा. चाचांनी नुसतं मागून लाकडाचा ठोकळा लावून धरला. प्रत्येक भोकाआधी मी ड्रिल बंद करून हात पँटला पुसत होतो. आठवं झालं तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

वजनासाठी अडतीवरच्या ओळखीच्या शेठनी तुरीची अर्धी-अर्धी भरलेली पोती दिली आणि स्वतःही मागोमाग आले. उडताना हवा पंखाला खालून वर रेटते, म्हणून पंख उलटा करून मुळाशी जखडला होता. टोक जिथं होतं तिथं चाचांनी भिंतीवर खडूची रेघ ओढली.

"तूर उडवायची हाय का शिजवायची?" शेठ विचारत होते.

एकेक पोतं चढलं तसं टोक वाकत गेलं. मी जमिनीवर पालथा पडून बॅटरीच्या उजेडात पट्टीकडे बघत होतो. शेवटच्या पोत्याला टक्‌ असा आवाज झाला. चाचांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पट्टी जागची हलली नव्हती. एकही रिव्हेट ढिला झाला नव्हता. आवाज कुठून आला ते कळलं नाही.

पोती उतरवली. टोक रेघेवर परत आलं. शेठ पोती मोजायला लागले, चाचा खडू खिशात घालत होते.

"चाचा," मी म्हणालो, "आणखी एकदा ठेवू."

शेठ कपाळावर हात मारून खाटेवर बसले. चाचा वाकले, पहिल्या पोत्याचं एक टोक धरलं आणि मी दुसरं धरायची वाट बघत राहिले.