पाच गुणांचा दंड

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या अवधूतला बॅट धड धरता यायची नाही, पण मराठी मंडळांच्या रविवारच्या क्रिकेट लीगचं पान त्याच्यावाचून हलायचं नाही. चौदा टीम्स, नऊ ग्राउंड्स आणि कॅप्टनांचे एकेक नखरे! सगळ्यांच्या तारखा हाच जुळवायचा. त्यासाठी त्यानं एक प्रोग्रॅम लिहिला होता. आधी कसंही एक टाइमटेबल मांडायचं, मग दोन मॅचेसची अदलाबदल करून बघायची. एकूण दंड कमी झाला तर ती ठेवायची, नाहीतर सोडून द्यायची. असं लाखो वेळा. एका ग्राउंडवर दोन मॅचेस आल्या तर दंड हजार गुण, प्रवासाला मैलामागे एक, आणि कुणाची खासगी विनंती मोडली तर पाच.

एप्रिलमध्ये लंडनमधल्या पिनरचे कॅप्टन कमलाकरदादा फोनवर म्हणाले, "अवधूत, ऑगस्टच्या आमच्या मॅचेस जवळपास ठेव रे. वरदाची तब्येत बरी नाही." माणूस भिडस्त. बायकोला कॅन्सर आहे, डॉक्टरांनी हात टेकलेत, हे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. पण आमच्या या शहाण्यानं तरी विचारावं की नाही? विनंती आली, पाच टाकले, विषय संपला.

प्रोग्रॅम चालवल्यावर एकूण दंड निम्म्यावर आला. स्वारी खूश! फक्त एक लाल ओळ उरली होती: ऑगस्टचा दुसरा रविवार, पिनरची मॅच थेट मँचेस्टरला, जवळजवळ दोनशे मैलांवर. अवधूतनं ती वाचली. पाचच तर आहेत, जाऊ दे, म्हणाला.

कमलाकरदादांनी तक्रार केली नाही. त्या रविवारी त्यांच्याशिवाय दहाच जण जमत होते. वरदावहिनीच म्हणाल्या, "जा तुम्ही, बाकीच्यांचा खोळंबा नको." दुपारी सव्वातीनला त्या गेल्या. दादा तेव्हा मँचेस्टरला फील्डिंग करत होते, फोन बॅगेत.

खरं काय ते कळल्यावर अवधूतनं तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला, पाचाच्या जागी हजार टाकून. मॅच मुकाट्यानं पिनरला आली. सगळ्या लीगचा प्रवास मिळून अकरा मैलांनी वाढला, एवढंच. अकरा मैल! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फ्युनरलनंतर दादांनी त्याला बाजूला घेतलं. "अवधूत, ती मॅच इकडे घेता आलीच नसती का रे?"

"नाही दादा. सगळं करून बघितलं. जमतच नव्हतं."

"बरं झालं सांगितलंस," दादा त्याचा हात धरून म्हणाले. "मी उगाच तुला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. माफ कर हं मला."